निर्लेखन

अमळनेरला मे महिन्यात
सकाळी नऊलाच दगड तापतो.
ट्रॅक्टर अंगणात उभा होता,
मी वहीत शेवटचा आकडा टाकत होते:
चार हजार एकशे बारा पुस्तकं, निर्लेखित.
शब्द सरकारी आहे.
लिहिलेलं काढून टाकलं
असं पुन्हा लिहून ठेवायचं.

'कारण'च्या रकान्यात मी वाळवी लिहिलं,
ओल, पृष्ठे गहाळ,
आणि एका पुस्तकापुढे
कुणी वाचलं नाही.
प्राचार्य म्हणाले, हे तेवढं खोडा.

लोटन महाजन कार्डांचे खण उतरवत होता.
प्रत्येक खणाला पितळी मूठ, मुठीवर अक्षर.
सुताराने कधीकाळी बाराखडी पाहून
ळ चाही खण केला होता.
ळ ने सुरू होणारं पुस्तक
शंभर वर्षांत आलं नाही.
लोटन हसला,
"आमना बोलीमा बी नही ताई, हाई अक्षर."
त्या खणात निघालं:
अडकित्ता, एका दांडीचा चष्मा,
आणि भारनियमनासाठी घेतलेली मेणबत्ती,
वात अजून पांढरी.
अंधारात तो हातानेच पुस्तक शोधायचा.

मला खिडकीबद्दल सांगायचं आहे.
इथे, जिथे आता काचेचं दार बसतंय,
गजांची खिडकी होती.
चिठ्ठी आत सरकवायची आणि उभं राहायचं.
एकोणनव्वद साली मी सात वेळा
ताऱ्यांवरचं एक पुस्तक मागितलं.
सातही चिठ्ठ्या परत आल्या,
लाल शाईत, पुस्तक बाहेर.
कोण असेल तो, मी विचार करायचे,
माझ्याआधी रोज आकाश नेणारा?
या एप्रिलमध्ये ते वरच्या फळीवर सापडलं.
मागची तारखांची चिठ्ठी
कोरी.

म्हणून मी खोडलं नाही.

खुर्शीद मिस्तरीने कपाटं चिरली.
सातपुड्याचा साग, रंधा फिरला तशी
लाकडाखालून जुन्या कागदाचा वास आला.
त्याच फळ्यांची टेबलं झाली.
फळ्यांच्या खिळ्यांची भोकं
त्याने लांबी भरून बुजवली नाहीत,
म्हणाला, वायर इथूनच काढू.

आता गुडघ्याशी प्लग आहेत, छतात थंडी आहे,
'शांतता राखा'ची पाटी
कुणी तरी वसतिगृहात नेली.
वर्तमानपत्रांच्या खोलीत भिंतींना स्पंज लावलाय,
तिथे धडगावकडची सायरी पावरा
कानावर हेडफोन चढवून
गवतांची नावं बोलते, तिच्या भाषेत.
एकोणीस झाली. विसाव्याला अडखळली,
फोन लावून विचारलं घरी, मग बोलली.
मॅडम, हे कुठे ठेवणार?
मला माहीत नव्हतं.
आवाजाला पाठ नसते
क्रमांक चिकटवायला.

उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी लाईट गेली.
पडदे विझले, शोध थांबला,
मुलांनी एकदम 'ओ' केलं.
सायरीला हवा होता वनस्पतींचा जुना कोश,
आणि लोटन, ज्याला आता दारात बसून
फक्त पिशव्या मोजायच्या असतात,
उठला.
डावीकडे अकरा पावलं,
मग उजवा हात, खांद्याच्या उंचीवर.

कपाट नव्हतं.
हात खाली आला तो केसांवर,
एक मुलगा टेबलावर डोकं टेकून झोपला होता.
याच जागी झोपणाऱ्यांच्या टेबलावर
लोटन फूटपट्टी आपटायचा, तीस वर्षं.
मी श्वास धरून पाहत होते.

त्याने हात तसाच ठेवला थोडा वेळ,
जसा पुस्तक ओळखू आल्यावर ठेवायचा.
मग काढून घेतला.
"जपना," तो म्हणाला. "जपू द्या."

कोश मागच्या खोलीत होता. लाईट आल्यावर दिला.
मी नवी वही उघडली,
पहिल्या ओळीत विसाव्या गवताचं नाव लिहिलं
ऐकू आलं तसं,
कदाचित चुकीचं.